फुप्फुसाचे जुनाट आजार आणि प्रथिनं: ‘किती आहे’ की ‘काम करतंय का’?

वायुकोश

फुप्फुसाच्या जुनाट आजारांत प्रथिनांचं नेमकं काय बिनसतं, यावर मी सध्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते आहे. मुख्य काम सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार) आणि ब्राँकायेक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचण्याचा आजार) यांवर. पीएचडी संपवून या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनीही जरूर लिहा.

माझं म्हणणं आधीच सांगते. या क्षेत्रात प्रथिनं मोजण्याची सोय झपाट्याने वाढली आणि त्यासोबत एक सवय लागली: रुग्णांत कुठलं प्रथिन वाढलं, कुठलं घटलं याची यादी करायची आणि तिथेच थांबायचं. पण फुप्फुसात बहुतेक वेळा खरा प्रश्न असतो तो प्रथिन काम करतंय का, आणि कुठे करतंय, हा. नव्या पोस्टडॉकने आपला प्रोजेक्ट या प्रश्नाभोवती बांधावा असं मला मनापासून वाटतं.

हा सगळा विषय सुरू झाला १९६३ साली. स्वीडनमध्ये माल्मो इथे कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करून त्यांचे पट्टे पाहत होते. काही नमुन्यांत अल्फा-१ हा पट्टा जवळजवळ दिसतच नव्हता. स्टेन एरिकसन यांनी त्या माणसांची माहिती काढली. असे पाच जण सापडले आणि त्यांतल्या तिघांना एम्फिसीमा होता, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या, वायुकोश, नासले होते. नसलेलं प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, यापुढे एएटी. पुढच्या एकदोन वर्षांत पॉल ग्रॉस यांच्या गटाने पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम उंदरांच्या फुप्फुसात सोडलं, तर त्यांनाही एम्फिसीमा झाला. तोडणारं एन्झाइम आणि त्याला आवरणारं प्रथिन यांचा तोल ढळला की वायुकोशांच्या भिंती फुटतात, ही मांडणी या दोन निरीक्षणांतून उभी राहिली आणि आजही पायाला तीच आहे.

तोडणाऱ्यांतला मुख्य म्हणजे न्यूट्रोफिल इलॅस्टेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतलं एन्झाइम. तो इलॅस्टिन तोडतो, ज्याच्यामुळे फुप्फुस श्वास घेताना ताणलं जातं आणि सोडताना परत मिटतं. इलॅस्टिनचं वय काढण्याची एक विलक्षण पद्धत १९९१ मध्ये वापरली गेली. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन माणसाच्या फुप्फुसातल्या इलॅस्टिनमध्ये कितपत शिरला आहे ते पाहिलं. उत्तर आलं सरासरी ७४ वर्षं. म्हणजे लहानपणी तयार झालेलं इलॅस्टिनच आपण जन्मभर वापरतो. मोठेपणी तुटलेलं पुन्हा नीट विणलं जात नाही. या आजारांत गेलेली क्षमता परत का येत नाही, याचं निदान एक उत्तर इथे मिळतं.

आता एएटी इलॅस्टेजला कसं आवरतं ते पाहा. हे प्रथिन उंदीर पकडायच्या सापळ्यासारखं ताणून ठेवलेलं असतं. त्याच्या बाहेर आलेल्या एका वेटोळ्याला इलॅस्टेज तोडायला जातो. ते तुटताच एएटीची घडी पालटते, इलॅस्टेज ओढला जाऊन रेणूच्या दुसऱ्या टोकाला, साधारण सात नॅनोमीटर दूर, आपटतो आणि तिथे त्याचा आकारच बिघडतो. २००० साली या अवस्थेची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. एक रेणू एकदाच कामी येतो.

त्या वेटोळ्यावर ३५८ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल आहे. सिगारेटच्या धुराने किंवा दाहात तयार होणाऱ्या ऑक्सिडंट रेणूंनी त्या एका मेथिओनिनवर ऑक्सिजन बसला की एएटी इलॅस्टेजला पकडण्यात फार मंद होतं. प्रथिन तसंच आहे, तेवढंच आहे, अँटिबॉडीने मोजलं तर आकडाही नॉर्मल येतो. पण त्या ठिकाणी संरक्षण जवळपास नाही. माझा सगळा मुद्दा या एका मेथिओनिनमध्ये आहे.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हेच जास्त स्पष्ट दिसतं. त्यात बिघडतं ते सीएफटीआर, पेशीच्या पृष्ठभागावर क्षारांना वाट देणारं १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन, त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या बदलात ५०८ व्या जागचं फेनिलॲलनिन गळतं, घडी नीट बसत नाही आणि पेशी ते प्रथिन पृष्ठभागावर पोचण्याआधीच नष्ट करते. दुसऱ्या एका बदलात, ५५१ व्या जागी, प्रथिन पृष्ठभागावर व्यवस्थित पोचतं पण त्याचं दार उघडत नाही. पहिल्याला घडी सुधारणारी औषधं लागतात, दुसऱ्याला दार उघडणारं. आयव्हाकाफ्टर २०१२ मध्ये आलं ते या दुसऱ्या गटासाठी, आणि तीन औषधांचं मिश्रण २०१९ मध्ये. नुसतं प्रमाण मोजून हा फरक कुणाच्या लक्षात आला असता?

सीओपीडीमध्ये आपण अजून या पायरीवर पोचलेलो नाही. तिथे पोचायचं तर काय करायला हवं, यावर तुमची मतं वाचायला आवडतील.

---

स्टेथो

छातीविकारांची प्रॅक्टिस करतो, संशोधक नाही. पण ‘आकडा नॉर्मल, संरक्षण नाही’ हे दवाखान्यातून दिसणारं आणखी एक रूप सांगतो.

एएटी हे दाहात वाढणारं प्रथिन आहे. ज्याच्यात एकच सदोष जनुक आहे अशा माणसाला न्यूमोनिया झालेला असताना रक्त काढलं तर पातळी वर चढून ठीकठाक दिसू शकते. म्हणून सोबत सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासावा, आणि तो वाढलेला असेल तर तब्येत स्थिरावल्यावर पुन्हा मोजावं. शंका उरली तर प्रथिनाचा प्रकार किंवा जनुक तपासावं. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी आयुष्यात एकदा व्हावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात ती फारच कमी होते, आणि याचं मला वाईट वाटतं. कारण निदान झालं तर भावंडांना, मुलांना वेळेत सांगता येतं की धूम्रपानाच्या वाटेला जाऊच नका.

एक प्रश्न. बाहेरून एएटी देण्याचा उपचार १९८७ पासून आहे. दर आठवड्याला शिरेतून, किलोमागे ६० मिलिग्रॅम. एवढ्या वर्षांनंतरही ‘फायदा किती’ यावर वाद का?

---

वायुकोश

डॉक्टर, सीआरपीचा मुद्दा फार चांगला सांगितलात.

वाद मुख्यतः काय मोजायचं यावरून आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅपिड चाचणीत १८० रुग्ण होते, दोन वर्षं. पूर्ण श्वास भरून काढलेल्या सीटीवर फुप्फुसाची घनता मोजली. औषध घेणाऱ्यांत ती वर्षाला लिटरमागे १.४५ ग्रॅमने घटली, न घेणाऱ्यांत २.१९ ने. झीज मंदावली होती. पण फुंकून करायच्या तपासणीत, म्हणजे एफईव्ही-१ मध्ये, ठळक फरक दिसला नाही. एफईव्ही-१ या आजारात इतकं हळू बदलतं आणि मापागणिक इतकं हलतं की फरक दाखवायला खूप जास्त रुग्ण आणि वर्षं लागतील. हा आजार विरळा, तेवढे रुग्ण आणायचे कुठून? माझ्या मते सीटीचा पुरावा पुरेसा भक्कम आहे, पण वेगळं मत असणाऱ्यांची बाजूही मला समजते.

---

मैत्रेयी

पीएचडीचं शेवटचं वर्ष. फुप्फुसाचा एकेका पेशीचा आरएनए डेटा (कुठल्या पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते दाखवणारा) आता भरपूर आणि खुला उपलब्ध आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात पोस्टडॉक त्यातच कर, प्रथिनांचं काम किचकट आणि संथ. आरएनएवरून अंदाज येत असेल तर प्रथिनांच्या मागे का लागायचं?

---

वायुकोश

मैत्रेयी, याच आजारातलं उदाहरण देते.

न्यूट्रोफिल इलॅस्टेज तयार होतो अस्थिमज्जेत, न्यूट्रोफिल अजून कोवळा असताना. तिथे तो कणिकांत भरून ठेवला जातो आणि त्याचा आरएनए बनणं थांबतं. पूर्ण वाढलेला न्यूट्रोफिल फुप्फुसात येतो तेव्हा त्याच्यात इलॅस्टेज ठासून भरलेला असतो आणि त्याचा आरएनए जवळजवळ नसतो. म्हणजे ज्या एन्झाइमभोवती हा आजार फिरतो, ते फुप्फुसाच्या आरएनए डेटात तुम्हाला दिसणारच नाही. त्यातून न्यूट्रोफिल इतके नाजूक की पेशी सुट्या करताना बरेचसे मरतात, आणि त्यांच्यात आरएनए मुळातच कमी असल्याने उरलेलेही छाननीत गळतात.

हीच गोष्ट उलट बाजूने औषधाला उपयोगी पडली. इलॅस्टेज मज्जेत बनतो तेव्हा निष्क्रिय असतो. डीपीपी-१ नावाचं दुसरं एन्झाइम, ज्याला कॅथेप्सिन सी असंही म्हणतात, त्याच्या टोकाचे दोन अमिनो आम्लं छाटतं आणि मग तो सक्रिय होतो. पॅपियाँ-लफेव्ह्र या जन्मजात विकारात कॅथेप्सिन सी चालत नाही. त्या लोकांच्या न्यूट्रोफिलांत सक्रिय इलॅस्टेज जवळपास नसतो. हिरड्यांचा आणि तळहात-तळपायांच्या त्वचेचा त्रास होतो, पण बहुतेकांना जीवघेणे जंतुसंसर्ग सतत होत नाहीत. म्हणजे डीपीपी-१ दाबला तर चालू शकेल, हे निसर्गाने आधीच दाखवून ठेवलं होतं. त्यावरून ब्रेन्सोकॅटिब हे औषध तयार झालं. २०२५ मध्ये ॲस्पेन चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले: ब्राँकायेक्टेसिसचे १७२१ रुग्ण, ५२ आठवडे. आजार बळावण्याचं वार्षिक प्रमाण औषधाशिवाय १.२९, औषधाच्या दोन मात्रांवर १.०२ आणि १.०४. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ब्राँकायेक्टेसिससाठी खास मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध.

हे घडवणारी समज आरएनएच्या नकाशातून आली नाही. प्रथिन कुठे बनतं, कुठे छाटलं जातं, कुठे मोकळं होतं, हे कुणीतरी वर्षानुवर्षं चिकाटीने पाहिलं होतं.

---

आकडेमोड

सांख्यिकीवाला आहे, मोठ्या प्रथिन-डेटावर काम करतो. धागाकर्तीशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

सहमत यासाठी की याद्यांमध्ये खरंच खूप गाळ असतो. रक्तातल्या सर्वांत विपुल आणि सर्वांत विरळ प्रथिनांमध्ये दहा अब्जपटींहून जास्त अंतर आहे, आणि निम्म्याहून जास्त वजन एकट्या अल्ब्युमिनचं. विरळ प्रथिनं कधी सापडतात, कधी नाही, आणि ‘सापडलं नाही’ म्हणजे शून्य असं धरून लोक बिनदिक्कत पुढे जातात. त्याहून वाईट म्हणजे रुग्णांचे नमुने एका महिन्यात आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या महिन्यात यंत्रावर चढवणं. मग दिसणारा फरक आजाराचा की यंत्राचा, हे नंतर कुठल्याही सूत्राने सोडवता येत नाही. आणखी एक: सीओपीडीचे रुग्ण वयस्क, धूम्रपान केलेले, स्टेरॉइडवर असलेले. तुलनेला घेतलेले ‘निरोगी’ तसे नसतील, तर तुम्ही आजार नाही, सिगारेट मोजता आहात.

असहमत यासाठी की याद्या नसतील तर नवं काही सापडणारच नाही. आयपीएफचंच पाहा, म्हणजे कारण न कळता फुप्फुसात तंतू साचून ते कडक होण्याचा आजार. एमयूसी५बी या श्लेष्म-प्रथिनाच्या जनुकाजवळचा बदल हा त्या आजाराचा सर्वांत जोरदार आनुवंशिक धोका आहे, हे २०११ मध्ये कळलं. तोपर्यंत सगळे वायुकोशांच्या पेशी आणि तंतू बनवणाऱ्या पेशी पाहत होते. श्लेष्म बनवणाऱ्या लहान श्वासनलिकांकडे लक्ष गेलं ते आधी कुठलाच अंदाज न बांधता सगळा जीनोम चाळल्यामुळे. आणि ब्रिटनच्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-प्रकल्पाने २०२३ मध्ये ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातली सुमारे तीन हजार प्रथिनं मोजून खुली केली. जनुकीय बदल आणि प्रथिनाची पातळी जोडून, कुठलं प्रथिन आजाराचं कारण आणि कुठलं परिणाम, हे तपासायची एवढी सोय याआधी नव्हती. ती नाकारू नका.

---

वायुकोश

नाकारत नाही. एमयूसी५बीचं उदाहरण बिनतोड आहे, आणि तिथे यादीनंतर लोक थांबले नाहीत हे त्यातलं मला सर्वांत आवडणारं.

माझा आक्षेप रक्तावर फार विसंबण्याला आहे. सर्फॅक्टंट प्रथिन डी घ्या. ते वायुकोशांत आणि लहान श्वासनलिकांत बनतं. सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं आढळतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात मात्र कमी. बहुधा फुप्फुस आणि रक्त यांच्यामधला पडदा गळका झाल्याने ते रक्तात झिरपतं. नुसतं रक्त पाहणारा म्हणेल फुप्फुसात हे जास्त बनतंय, आणि अगदी उलटा निष्कर्ष काढेल. सीसी१६ हे श्वासनलिकांतल्या क्लब पेशींचं लहानसं प्रथिन तर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात त्याची रक्तातली पातळी फुप्फुसाबद्दल भलतंच सांगते. फायब्रिनोजेनला अमेरिकी एफडीएने २०१५ मध्ये सीओपीडीसाठी मान्यता दिली, पण ती कशासाठी? चाचणीत कुठले रुग्ण घ्यायचे ते निवडण्यासाठी. धोका जास्त कुणाला हे ते सांगतं, आजार कशाने चालला आहे ते सांगत नाही. दोन्हीची गरज आहे, पण एकाला दुसरं समजू नये.

क्रियाशीलता मोजणंही सोपं नाही, हेही लिहायलाच हवं. कफात अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं मोठं प्रथिन असू शकतं, ते इलॅस्टेजला पिंजऱ्यासारखं कोंडून ठेवतं. आतला इलॅस्टेज जिवंतच असतो. आपण परीक्षानळीत रंग देणारा छोटा पेप्टाइड टाकला तर तो पिंजऱ्यात शिरतो, तुटतो, आणि आपल्याला भरघोस आकडा मिळतो. पण इलॅस्टिनचा जाडजूड तंतू आत शिरू शकत नाही, म्हणजे फुप्फुसाला तो इलॅस्टेज निरुपद्रवी. उलट २०१९ मध्ये दाखवलं गेलं की न्यूट्रोफिलांनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या इलॅस्टेजला एएटी आवरूच शकत नाही. सीओपीडीच्या रुग्णांकडून मिळालेल्या पुटिका उंदरांना दिल्यावर त्यांच्या वायुकोशांची हानी झाली. एकच एन्झाइम, तीन ठिकाणी तीन वेगळे अर्थ.

---

सोनचाफा

सगळं समजलं असं नाही, पण आवडीने वाचलं. माझ्या वडिलांना ब्राँकायेक्टेसिस आहे. त्यांनी एका संशोधनासाठी अनेकदा कफ आणि रक्त दिलं. कफ देणं त्यांना सोपं नव्हतं, खारं पाणी हुंगून खोकून खोकून द्यायचे. पुढे काय झालं हे त्यांना कुणी कळवलं नाही. ते विचारतात, माझ्या कफात काय सापडलं? काय सांगू त्यांना?

---

वायुकोश

सोनचाफाताई, कळवायला हवं होतं. प्रत्येकाचा वेगळा निकाल देता येत नसेल तरी अभ्यासाचा निष्कर्ष साध्या भाषेत पाठवणं हे संशोधकांचं काम आहे, आणि ते कुणी करत नाही तेव्हा लोकांचा विश्वास जातो. संमतीपत्रावर अभ्यासाच्या प्रमुखाचा संपर्क असतो, तिथे बाबांनी जरूर विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.

त्यांना एवढं नक्की सांगा. कफातला इलॅस्टेज जितका जास्त सक्रिय, तितका आजार पुन्हा पुन्हा बळावतो, हे अशाच रुग्णांनी दिलेल्या कफातून कळलं. वर ज्या औषधाबद्दल लिहिलं, त्याने काम केलं की नाही हेही सुरुवातीला कफातल्या इलॅस्टेजवरून पाहिलं गेलं. उंदराचे न्यूट्रोफिल माणसाच्यापेक्षा बरेच वेगळे, त्यामुळे हे ज्ञान दुसरीकडून मिळण्यासारखं नव्हतं. ते औषध बाबांना योग्य आहे का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. ते सगळ्यांसाठी नाही, आणि तयार झालेल्या न्यूट्रोफिलांतला इलॅस्टेज त्याने जात नाही, नवे न्यूट्रोफिल येतील तसतसा परिणाम होतो.

---

स्टेथो

सोनचाफाताई, यात भर घालतो. औषध काहीही असो, रोज कफ बाहेर काढण्याचे श्वसनाचे व्यायाम सोडू नका. साचलेला कफ म्हणजे साचलेला इलॅस्टेज, असंच समजा.

---

सोनचाफा

बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. व्यायाम चालू आहेत. संमतीपत्र शोधते.

---

मैत्रेयी

मत बदलतंय असं दिसतंय. आता व्यवहाराचं विचारते. मुलाखतीत लॅब-प्रमुखांना काय विचारू, म्हणजे कळेल की इथे प्रथिनांचं काम गांभीर्याने होतं?

---

वायुकोश

सगळ्यांत आधी नमुन्यांबद्दल विचारा. शीतकपाटात किती आहेत हे सगळे अभिमानाने सांगतात. तुम्ही विचारा ते कसे गोठवले आहेत. कफ पातळ करायला डीटीटी हे रसायन वापरतात. ते प्रथिनांना बांधून ठेवणारे डायसल्फाइड बंध तोडतं, त्यामुळे श्लेष्म सुटतं पण बाकीच्या प्रथिनांची घडीही बिघडू शकते. पेशी मोजायला असा नमुना चालतो, एन्झाइमची क्रियाशीलता मोजायला तो भरवशाचा नाही. सुरुवातीलाच कफाचा एक भाग डीटीटीशिवाय बाजूला ठेवला आहे का? त्यात प्रोटिएज-रोधक, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं द्रव्य, घातलं आहे का? घातलं असेल तर प्रथिनं टिकतील, पण क्रियाशीलता मोजता येणार नाही. न घातलेलं असेल तर इलॅस्टेज इतर प्रथिनं खात बसेल. दोन्ही प्रकारचे भाग ठेवणारी लॅब विचारपूर्वक काम करते असं खुशाल समजा. गोठवायला किती वेळ लागला आणि नमुने किती वेळा वितळवून पुन्हा गोठवले, याची नोंद आहे का तेही पाहा.

फुप्फुस धुऊन घेतलेला द्रव असेल तर तो किती पातळ झाला याचा हिशेब कसा करतात ते विचारा. युरिया रक्तात आणि फुप्फुसाच्या द्रवात सारखाच असतो, म्हणून दोन्हीकडचा युरिया मोजून अंदाज बांधण्याची पद्धत १९८६ पासून आहे. ती निर्दोष नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

दुसरं, तिथून आधी बाहेर पडलेल्या पोस्टडॉकशी बोला. नमुने मिळवायला नैतिक समितीची परवानगी, रुग्णांची भरती, डॉक्टरांशी समन्वय, यातच बराच काळ जातो. दोन वर्षांची नेमणूक असेल आणि भरती शून्यापासून करायची असेल तर पेपर निघेपर्यंत तुमचा करार संपलेला असेल. परवानगी आणि काही नमुने हातात असलेल्या ठिकाणी जा, आणि नव्या नमुन्यांची आखणी करण्यात तुम्हाला वाटा मिळेल का ते विचारा.

आकडेमोड यांची अट माझ्यातर्फेही लिहून घ्या: पहिला नमुना यंत्रावर चढण्याआधी सांख्यिकीवाला माणूस टेबलाशी बसलेला असला पाहिजे.

---

आकडेमोड

+१. आणि रुग्ण व निरोगी नमुने प्रत्येक बॅचमध्ये मिसळून, प्रत्येक बॅचमध्ये एक सामायिक नमुना ठेवून. मैत्रेयी, आखणी करताना अडलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मैत्रेयी

नक्की करते. मुलाखत ठरली आहे, डीटीटीचा प्रश्न सर्वांत वर लिहिला आहे.